मुलाखतींचे पैसे वसूल, रंगीत तक्त्याचे वाया

कार्बन साठवणुकीच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली कायमचा भरून ठेवण्याच्या प्रकल्पासाठी बिगरतांत्रिक जोखमींचं मूल्यमापन करून देणारी सेवा आमच्या कंपनीने घेतली, तिचा हा परिचय. सल्लागार संस्थेचं नाव लिहीत नाही. करारात गोपनीयतेचं कलम आहे, आणि ही सेवा विकणाऱ्या बहुतेकांचा साचा उन्नीस-बीसच असतो, त्यामुळे नावावाचून फार काही अडत नाही. मी स्वतः रिझर्व्हॉयर इंजिनिअर. जमिनीखाली खोलवरच्या खडकात किती वायू मावेल, दाब किती चढेल, वायू अडवून धरणारा वरचा घट्ट खडक, म्हणजे कॅपरॉक, तो सोसेल का, ही गणितं करणं माझं काम. माणसांचा अंदाज बांधणं माझं काम नाही, म्हणूनच बहुधा या सेवेवर देखरेख करायला मला बसवलं गेलं. वरिष्ठांचं तर्कशास्त्र वेगळं असतं.

बिगरतांत्रिक या नावाखाली ही मंडळी काय काय घेतात ते आधी सांगते, कारण विकत घेणाऱ्यालाही ते बऱ्याचदा ठाऊक नसतं. परवाने, जमिनीचे आणि जमिनीखालच्या पोकळीचे हक्क, बदलते कायदे, अनुदान, कार्बनचा भाव, विमा, निवडणुका, कोर्टकचेऱ्या, स्थानिकांचा विरोध, आणि वायू खाली सोडायच्या विहिरी बंद केल्यानंतर जबाबदारी कोणाच्या गळ्यात. म्हणजे खडक आणि पोलाद सोडून सगळंच. याची गरज आहे का, अशी शंका मला कधीच नव्हती. नॉर्वेच्या स्नोव्हिट प्रकल्पात २००८ साली इंजेक्शन, म्हणजे वायू खाली भरणं, सुरू झालं. ट्यूबोएन थरातला दाब अपेक्षेपेक्षा लवकर चढला, तेव्हा २०११ मध्ये वायू वरच्या स्टो थरात वळवला आणि काम पुढे चालू राहिलं. उलट नेदरलँड्समधल्या बारेंड्रेख्तला खडकामुळे काही अडलं नव्हतं. पेर्निसच्या रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड गावाखालच्या संपत आलेल्या गॅसक्षेत्रांत भरण्याची शेल कंपनीची योजना होती. नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारने ती गुंडाळली. तीन वर्षांहून जास्त उशीर आणि स्थानिक पाठिंब्याचा पूर्ण अभाव, ही कारणं दिली गेली. दाब चढला तर दुसरा थर शोधता येतो. गाव दुसरं कुठून आणणार?

सेवेतला सगळ्यात चांगला भाग म्हणजे मुलाखती. त्या घेणाऱ्या बाई समाजशास्त्राच्या होत्या. त्यांची पद्धत बघायला मी अधूनमधून मागे जाऊन बसायचे. हातात छापील प्रश्नावली असायची, पण पहिला प्रश्न तिच्यातला नसायचा. “या जागेबद्दल याआधी तुम्हाला कोण काय सांगून गेलंय?” एवढं विचारायच्या आणि गप्प बसायच्या. समोरचा माणूस मग कार्बनबद्दल बोलतच नसे. गॅस काढायला आलेली पहिली कंपनी, रस्ता दुरुस्त करून देऊ म्हणालेला तिचा अधिकारी, पाइप टाकताना पाडलेलं आणि पुन्हा न उभारलेलं कुंपण, उत्तर न आलेली पत्रं. तासाभराने कधीतरी गाडी आमच्या प्रकल्पावर यायची आणि तोपर्यंत निकाल जवळजवळ लागलेला असायचा.

बारेंड्रेख्तची गोष्ट मला यामुळे वेगळी दिसू लागली. तिथल्या लोकांच्या वाट्याला आधीच मालगाड्यांचा बेटुवे मार्ग, हायस्पीड रेल्वे आणि मोठे महामार्ग आले होते. ‘पुन्हा आम्हीच का?’ या त्यांच्या प्रश्नाला कॅपरॉकच्या जाडीचा आलेख हे उत्तर होऊ शकत नाही. मी असे आलेख सभांमधून दाखवलेले आहेत, लोक ते शांतपणे बघतात आणि मग आपलं मूळ गाऱ्हाणं पुन्हा मांडतात. आम्हा इंजिनिअर लोकांना वाटतं त्यांना समजलं नाही. समजलेलं असतं, पण त्यांनी विचारलेलं दुसरंच असतं.

अशाच एका मुलाखतीत एका निवृत्त शिक्षकांनी सांगितलं की उतारावर फार पूर्वी कोणीतरी विहीर खणली होती आणि आत काही लागलं नाही म्हणून बुजवून टाकली होती. आमच्या विहिरींच्या यादीत ती नव्हती. जुन्या, कशाबशा बुजवलेल्या विहिरी ही वायू वर यायची सगळ्यात संशयास्पद वाट, हे या धंद्यातल्या नवशिक्यालाही ठाऊक असतं. जमिनीखालचं लोखंड हुडकणारा मॅग्नेटोमीटर घेऊन माणसं गेली आणि मातीखाली विहिरीच्या पोलादी नळीचं, म्हणजे केसिंगचं, टोक सापडलं. मास्तरांच्या आठवणीत आणि प्रत्यक्ष जागेत हाकेच्या अंतराचाही फरक नव्हता.

आता ही गोष्ट मसुदा अहवालात कुठे गेली असेल? ‘स्थानिकांचे समज व गैरसमज’ या रकान्यात. शेजारी उपाय: ‘माहितीपत्रक वाटणे.’

दाखवून दिल्यावर त्यांनी नोंद हलवली, तक्रार तेवढ्यापुरती मिटली. तरी मूळ दुखणं साच्यातच आहे. यंत्रातून आलं ते माहिती आणि माणसाच्या तोंडून आलं ते भावना, अशी वाटणी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच करून ठेवलेली आहे. नोंद करणारा कितीही हुशार असला तरी त्याला त्या दोन खणांपैकी एकात ती टाकावी लागते. मुलाखत घेणाऱ्या बाईंना हे कळत होतं. त्या म्हणाल्या, “तुमच्यासारखं कोणी अहवाल शेवटपर्यंत वाचत नाही हो, सगळे तक्त्याचं पान उघडतात.”

तक्त्याचं पान म्हणजे ते प्रसिद्ध रंगीत चौकोन. शक्यता एक ते पाच, परिणाम एक ते पाच, दोन्हींचा गुणाकार, आणि त्यावरून हिरवा, पिवळा, लाल. माझा या चौकोनावर आधीपासून राग आहे, पण रागावर परिचय लिहू नये म्हणून मी त्याला जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला दिल्या. घडून गेलेले प्रकल्प घ्यायचे, मंजुरीच्या वेळी जे ठाऊक होतं तेवढंच भरायचं आणि तक्ता कुठला रंग दाखवतो ते पाहायचं. संस्थेतली तरुण मंडळी यात हौसेने सामील झाली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं. आपल्याच मालाची अशी परीक्षा घ्यायला बरेच जण तयार होत नाहीत.

पहिला कास्तोर, स्पेनमधला. विनारोससमोर समुद्राखाली नैसर्गिक वायू साठवण्याचा प्रकल्प. सप्टेंबर २०१३ मध्ये वायू भरताना शेकडो लहान भूकंप झाले, त्यांतले काही ४ रिश्टरच्या वर होते, आणि काम थांबलं. परवान्याच्या अटींत कंपनीने परवाना परत केला तर गुंतवणूक परत मिळण्याची सोय होती, त्यामुळे १३५ कोटी युरो भरपाई दिली गेली. ती गॅसग्राहकांच्या बिलांतून ३० वर्षांत वसूल करायचं ठरलं. माणसं खवळली, प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये भरपाईच्या तरतुदी रद्द ठरल्या. आमच्या तक्त्याने काय केलं? भूकंप तांत्रिक म्हणून यादीबाहेर. भरपाईचं कलम कंपनीला संरक्षण देणारं, म्हणून गडद हिरवं. म्हणजे ज्या कलमावरून पुढे सगळं रामायण घडलं, त्यालाच सर्वांत चांगला रंग. यात तक्त्याचा दोष एकच आहे, पण तो मोठा आहे. तो जोखीम फक्त कंपनीच्या खुर्चीत बसून मोजतो. पैसे कंपनीकडून ग्राहकाकडे सरकले की त्याच्या लेखी जोखीम नाहीशी होते. ती सरकते फक्त, आणि जिथे सरकते तिथली माणसं वकील करतात.

दुसरा पोर्थोस. रॉटरडॅम बंदरातल्या उद्योगांचा कार्बन डायऑक्साइड समुद्राखालच्या रिकाम्या गॅसक्षेत्रात भरायचा. डोक्यावर घरं नाहीत, खाली जुनं गॅसक्षेत्र, शेजारी अवाढव्य बंदर. तक्ता हिरवागार. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या कौन्सिल ऑफ स्टेटने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, बांधकामाच्या काळात निघणाऱ्या नायट्रोजनला दिलेली सरसकट सूट रद्दबातल ठरवली. प्रश्न कार्बनचा नव्हताच, संरक्षित निसर्गक्षेत्रांवर पडणाऱ्या नायट्रोजनचा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रकल्पाला वाट मोकळी झाली आणि ऑक्टोबरमध्ये गुंतवणुकीचा निर्णय झाला. हा पेपर अवघड होता हे मी मान्य करते, माणसांनाही तो सुटला नसता कदाचित. पण साच्याचा प्रश्न बघा: ‘परवाना मिळाला आहे का? होय / नाही / प्रतीक्षेत.’ परवाना कोणत्या सवलतीवर उभा आहे आणि ती सवलत कोर्टात टिकेल का, हे विचारायला रकानाच नाही. वकिलांच्या एका बैठकीत हे विचारून होतं. आम्ही ते नंतर आमच्या खर्चाने केलं.

तिसरा सटार्शिया, आणि इथे सेवेला चांगले गुण द्यावे लागतात. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात २२ फेब्रुवारी २०२० रोजी पावसाने खचलेला उतार सरकला आणि कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. सुमारे २०० लोकांना हलवावं लागलं, ४५ जणांना रुग्णालय गाठावं लागलं. हा वायू हवेपेक्षा जड, सखल भागात साचतो. ऑक्सिजन न मिळाल्याने मोटारींची इंजिनं बंद पडली, म्हणजे पळायचं साधनच गेलं. वायू किती दूर पसरेल याचा कंपनीच्या मॉडेलने कमी अंदाज धरला होता, हे चौकशीत पुढे आलं. आमच्या संस्थेच्या मुलाखतींच्या यादीत अग्निशमन दल आणि प्राथमिक आरोग्य केंद्र पहिल्यापासून होतं. “या वायूच्या ढगात तुमची गाडी चालेल का, हे तुम्हाला कोणी सांगितलंय?” हा प्रश्नही होता. बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थी आलं आणि त्यावर आम्ही लगेच काम सुरू केलं. एवढ्या एका प्रश्नासाठीही ही सेवा घ्यावी असं मी म्हणेन.

मात्र सटार्शियाचा दुसरा अर्धा भाग साच्यातून निसटतो. त्या दिवसानंतर शेकडो मैलांवरच्या, दुसऱ्याच कंपन्यांच्या पाइपलाइनींच्या सुनावण्यांत सटार्शियाचं नाव निघू लागलं. नॅव्हिगेटर कंपनीने सुमारे २,१०० किलोमीटरची नियोजित पाइपलाइन ऑक्टोबर २०२३ मध्ये सोडून दिली. सरकारी आणि नियामक प्रक्रियांचा भरवसा धरता येत नाही, असं कारण तिने दिलं. मार्च २०२५ मध्ये साउथ डकोटाने कार्बन पाइपलाइनसाठी सक्तीचं भूसंपादन करायला कायद्याने बंदी घातली. दुसऱ्याच्या अपघाताची किंमत आपल्याला मोजावी लागते, ही या क्षेत्रातली रोजची गोष्ट, आणि तक्त्यात तिच्यासाठी ओळ नाही.

गुणाकाराबद्दल थोडं. दोन गुणिले पाच आणि पाच गुणिले दोन, दोन्ही दहा, दोन्ही पिवळे. एक म्हणजे क्वचित घडणारं पण प्रकल्प बुडवणारं संकट आणि दुसरी म्हणजे नेहमीची कटकट. दोघांना एकच रंग देणारी पद्धत संचालक मंडळापुढे ठेवताना मला तरी संकोच वाटतो. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक ओळ सुटी. अमेरिकेत फ्युचरजेन २.० या कार्बन साठवण प्रकल्पासाठी मंजूर झालेला केंद्रीय निधी सप्टेंबर २०१५ पर्यंतच खर्च करता येणार होता. तेवढ्या वेळात काम पुरं होणं शक्य नाही म्हणून ऊर्जा खात्याने फेब्रुवारी २०१५ मध्ये हात आखडता घेतला. उशीर आणि निधीची मुदत या दोन ओळी तक्त्यात वेगवेगळ्या पानांवर असतात, प्रत्येकी पिवळ्या. एकत्र वाचल्या तर लाल. हे जोडकाम आम्ही साध्या कागदावर बाण काढून केलं आणि अर्ध्या दुपारीत जे कळलं ते डॅशबोर्डवर कधीच दिसलं नसतं.

राजकीय धोक्यांचा भाग मात्र अगदीच पातळ होता. ब्रिटनने नोव्हेंबर २०१५ मध्ये १०० कोटी पाउंडांची कार्बन साठवण स्पर्धा ऐनवेळी रद्द केली, हे उदाहरण अहवालात छापलं होतं, आणि खाली उपाय म्हणून ‘शासनाशी सुसंवाद ठेवणे’. असल्या ओळींचे पैसे कापून घ्यावेत.

काळाचा हिशोब हाही एक मोठा घोळ आहे. अहवालातली शेवटची तारीख पहिल्या इंजेक्शनची. जणू वायू खाली गेला की माणसांशी संबंध संपला! युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार साठा बंद केल्यानंतर साधारणपणे किमान २० वर्षांनीच जबाबदारी सरकारकडे जाऊ शकते. अमेरिकेत अशा विहिरींच्या नियमांत बंद केल्यानंतरच्या देखरेखीचा कालावधी मुळात ५० वर्षं धरलेला आहे. त्या काळात कंपनी विकली जाईल, नावं बदलतील, आज सही करणारे आम्ही सगळे घरी बसलेले असू. मुलाखतींत लोक नेमकं हेच विचारत होते: तुमच्यानंतर कोण? संस्थेने त्याची नोंद ‘दीर्घकालीन विश्वास’ अशा गुळमुळीत शीर्षकाखाली केली. प्रश्न विश्वासाचा कमी आणि पैशांच्या तरतुदीचा जास्त होता. किती रक्कम, कोणाच्या खात्यात, ती काढायचा अधिकार कोणाला, एवढं सरळ उत्तर लोकांना हवं होतं. वित्त विभागाला मी तो प्रश्न जसाच्या तसा पाठवला, आणि उत्तर यायला जो वेळ लागला त्यावरून लोकांची शंका बरोबर होती असं माझं मत झालं.

प्रत्येक जोखमीपुढे ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना आहे. आमच्या मसुद्यात त्यातल्या बहुतेक ओळींपुढे जनसंपर्क विभाग होता. जनसंपर्क विभाग विहिरीची जागा हलवू शकत नाही, कॉम्प्रेसरची रात्रपाळी बंद करू शकत नाही, पाइपचा मार्ग वळवू शकत नाही. ते अधिकार माझ्यासारख्यांकडे आणि माझ्या वरच्यांकडे. कॅनडातल्या क्वेस्ट प्रकल्पात २०१५ पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन वायू साठवला जातो. तिथे जमीनमालकांशी बोलून पाइपचा मार्ग बदलला गेला आणि देखरेखीचे निष्कर्ष पाहायला स्थानिकांची समिती नेमली गेली. ही दोन्ही कामं इंजिनिअरांच्या हातची आहेत. मी हट्ट करून रकान्यातली नावं बदलून घेतली. काही सहकाऱ्यांनी महिनाभर माझ्याशी बोलणं कमी केलं.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चालतं. रंग छान आहेत. मुलाखतीच्या उताऱ्यावरून थेट जोखमीच्या ओळीवर जाता येतं ही सोय चांगली आहे, पण ओळीवरून मागे उताऱ्याकडे जाता येत नाही. ते मागून घ्या, करून देतात.

कोणी घ्यावी ही सेवा? जागा नक्की होण्याआधी घेणार असाल तर जरूर घ्या. विहिरींच्या जागा ठरल्या, परवान्याचे अर्ज गेले आणि आता अर्जाला जोडायला अहवाल पाहिजे, अशा वेळी घेणार असाल तर छापील नमुना भरून जोडा, स्वस्तात होईल. भू-औष्णिक आणि हायड्रोजन साठवणुकीलाही हाच साचा चालतो असं त्यांचे विक्रेते सांगतात. मी तो तिथे वापरलेला नाही, पण बाझेलमध्ये डिसेंबर २००६ मध्ये भू-औष्णिक विहिरीत पाणी सोडताना ३.४ रिश्टरचा धक्का बसला आणि २००९ मध्ये तो प्रकल्प बंद झाला, हे लक्षात घेता भूकंपाला यादीबाहेर ठेवणारा साचा तिथे न्यायची घाई करू नये.

करार करताना दोन गोष्टी लिहून घ्या. एक, मातीतल्या वायूचं आणि विहिरींच्या पाण्याचं मूळ मोजमाप प्रकल्पाआधी होईल आणि त्याचे आकडे लोकांना बघता येतील. कॅनडातल्या वेबर्नजवळ २०११ साली एका शेतकरी कुटुंबाने साठवलेला वायू आपल्या जमिनीतून वर येतोय असा दावा केला आणि बातमी जगभर गेली. तपासणीत तो वायू मातीतल्या नैसर्गिक जैविक क्रियेतला निघाला, पण ते सिद्ध करायला स्वतंत्र चौकश्या कराव्या लागल्या. हे मोजमाप सल्लागार संस्था ‘तांत्रिक’ म्हणून टाळतात आणि आमचे लोक ‘लोकसंपर्काचं काम’ म्हणून, आणि ते दोघांच्या मध्ये पडून राहतं. दुसरी, मुलाखतींच्या पूर्ण नोंदी, नावं काढून, आपल्या ताब्यात मिळतील. आमच्या करारात हे कलम नव्हतं. प्रकल्पातली नवी मंडळी आता त्या नोंदी मागतात आणि संस्थेकडून दर वेळी रंगीत तक्ता येतो.